एकास सत्त्याऐंशी

दहावीपर्यंत माणसाला छंद असलाच पाहिजे, असा आपल्याकडे सक्तीचा नियम आहे. 'माझा आवडता छंद' या विषयावर वीस ओळी लिहिल्याशिवाय मराठी मुलाला शाळेचा दाखला मिळत नाही. तिकिटं जमवा, काडेपेट्यांचे छाप जमवा, पिंपळाची पानं वहीत घालून त्यांची जाळी करा, कोणाची हरकत नसते; उलट बाई तो निबंध वर्गात वाचून दाखवतात. पण हाच मुलगा पुढे बी. कॉम. होतो, बँकेत चिकटतो, बोहल्यावर चढतो आणि चाळिशी ओलांडल्यावर एका रविवारी आपला तोच छंद माळ्यावरून खाली काढतो, तेव्हा घर, सोसायटी आणि बँकेची शाखा अशा तिन्ही ठिकाणी एकदम शांतता पसरते. जणू काही त्यानं दुसऱ्या लग्नाचा विचार बोलून दाखवला. दुसऱ्या लग्नामागचं कारण निदान लोकांना समजतं तरी!

माझा गुन्हा असा, की मी घरात आगगाडी चालवतो. 'खेळतो' हा शब्द इतरांचा. तो मी निषेध नोंदवून परत करत आहे. १९८९ साली मस्कतच्या मामानं मला एक संच आणला होता. एक हिरवं इंजिन, दोन डबे, लंबगोल रूळ आणि आपल्या २३० व्होल्टचे १२ व्होल्ट करणारी एक गरम होणारी पेटी. दहावीचं वर्ष लागलं तसा तो संच वडिलांनी "परीक्षेनंतर बघू" म्हणून माळ्यावर टाकला. ती परीक्षा झाली, मग बारावी, मग बी. कॉम., मग बँकेची, मग बँकेच्या अंतर्गत बढतीची. परीक्षेनंतर नेहमी परीक्षाच येते हे त्या इंजिनाला कोणी सांगितलं नव्हतं. ते बिचारं वाट बघत राहिलं. घरं बदलली, माळे बदलले, खोकं तेच. तीन वर्षांपूर्वी रूळ स्पिरिटनं पुसले, इंजिनाच्या पोटात शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब सोडला आणि बटण फिरवलं. ते थोडं कण्हलं आणि चालू लागलं. तीस वर्षं व्यवहार नसलेलं खातं असं एका थेंबावर चालू झालेलं मी आमच्या शाखेत अजून पाहिलेलं नाही. केवायसीसुद्धा मागितलं नाही हो त्यानं!

तेव्हापासून मला जे ऐकून घ्यावं लागतंय त्याचा हिशेब आज चुकता करायचा आहे.

पहिला प्रश्न ठरलेला. "या वयात?" विचारणारे गृहस्थ त्या क्षणी हातातल्या फोनवर कुठल्या तरी अनोळखी बाईचा पापड लाटतानाचा चलच्चित्रपट बघत असतात. तो संपला की कुत्रं पियानो वाजवताना दिसतं, मग एक बाबा रक्तदाबावर दुधी भोपळा सांगतो. असे दोन तास जातात. त्याला कोणी वय विचारत नाही. दोन तासांत मी तारेचे चार तुकडे जोडतो, एक सांधा बसवतो, बोट भाजून घेतो, आणि तरी पोरकट मीच. आमच्या शाखेतले एक सहकारी रोज सव्वानऊला शेअरबाजार उघडायच्या आधी देवाला नमस्कार करतात आणि साडेतीनला बाजार बंद झाल्यावर देवाला बोल लावतात. त्यांचा तो छंद प्रौढ समजला जातो, कारण त्यात पैसे जातात. माझ्यातही जातात की! पण माझे गेलेले पैसे टेबलावर दिसतात, त्यांचे दिसत नाहीत. दिसणारा खर्च ही चैन आणि न दिसणारा तोटा ही गुंतवणूक, असा काही लेखाशास्त्राचा नियम आम्हाला तरी कॉलेजात शिकवला नव्हता.

"उपयोग काय?" हा दुसरा. हा प्रश्न विचारणाऱ्याच्या घरात मोराच्या आकाराचा पितळी अडकित्ता असतो आणि घरात कोणी सुपारी खात नाही. मी तो कधी काढत नाही. मी मुकाट्यानं चहा पितो. पण इथे, छापील जागेत, मला चहा दिलेला नाही, तेव्हा सांगतो. अमेरिकेत एमआयटी नावाच्या जगप्रसिद्ध तंत्रसंस्थेत १९४६ सालापासून विद्यार्थ्यांचा आगगाडीच्या नमुन्यांचा एक क्लब आहे. त्यातली काही पोरं डोंगर रंगवायची, डबे बनवायची. आणि काही टेबलाखाली शिरून टेलिफोनच्या जुन्या रिलेंची जाळी विणायची, कुठल्या रुळावर कुठली गाडी सोडायची ते ठरवणारी. टेबलाखालची ही मंडळी पुढे संस्थेतल्या संगणकांवर तुटून पडली. 'हॅकर' हा शब्द आज पोलीस खातं आणि आमची बँक ज्या धास्तीनं उच्चारते, तो संगणकाच्या जगात आला तो या टोळक्याच्या बोलीतून. तिथे त्याचा अर्थ हुशारीनं केलेली खटपट एवढाच होता. म्हणजे ज्या संगणकावर बसून माझे साहेब मला "रेल्वेमंत्री" म्हणून हिणवणारा निरोप पाठवतात, त्याच्या आजा-पणजांच्या पाळण्याची दोरी आगगाडी खेळणाऱ्यांच्या हातात होती.

पण हे मी बोलून गेलो खरा, आणि लगेच वाटतं की का बोललो? उपयोग दाखवायला लागलो म्हणजे त्यांच्या कोर्टात जाऊन उभा राहिलो. माझ्या गाडीतून संगणक निघणार नाही. तिच्यातून काहीही निघणार नाही, ती मोडनिंबहून निघते आणि मोडनिंबलाच येते. तरी मी ती चालवणार.

यापेक्षा मला जास्त राग येतो तो माझी बाजू घेणाऱ्यांचा. हे हसतमुखानं येतात, टेबलाकडे डोकं कलतं करून बघतात आणि म्हणतात, "छान हो! तुमच्यातलं लहान मूल अजून जिवंत आहे!" मेलं ते मूल! आणि गेलं ते बरं झालं. ते मूल मला चांगलं आठवतं. दोन इंजिनं नव्हती म्हणून ते एकच इंजिन भिंतीवर आपटून अपघात करायचं. डब्यात मुंगळे भरायचं. सिग्नल, सांधा, वेळापत्रक यांतलं त्याला काही कळत नव्हतं. गाडी जोरात पळाली पाहिजे एवढीच त्याची अक्कल. आता टेबलाशी बसलेला आहे तो दुहेरी भिंगांचा चष्मा लावलेला, किंचित पोट सुटलेला, गृहकर्जाचे अकरा वर्षांचे हप्ते शिल्लक असलेला माणूस, आणि त्याला साडेएकोणीस मिलिमीटर उंचीच्या हमालाच्या डोक्याला लाल पागोटं रंगवायचं आहे. एका केसाच्या कुंचल्यानं. श्वास रोखून. हे काम कुठल्याही लहान मुलाला जमणार नाही. पागोटं रंगवायला माणसाला आधी वीस वर्षं लोकांच्या सह्या जुळवून बघाव्या लागतात.

मोठ्या माणसांना गाड्यांचं वेड हे मोठ्या माणसांचंच वेड असतं, हे बाहेरच्या देशांत केव्हाच मान्य झालंय. रॉड स्ट्युअर्ट नावाचा गायक आहे, स्टेडियमं भरवणारा. त्यानं तेवीसेक वर्षं खपून महायुद्धानंतरच्या काळातलं एक अख्खं अमेरिकन शहर रुळांसकट घराच्या माळ्यावर उभं केलं, आणि २०१९ साली ते एका रेल्वे-मासिकातून जगाला दाखवलं. इंग्लंडच्या रेडिओवर निवेदक सहज म्हणाला, की हे काही यानं स्वतः केलेलं नसणार. झालं! या गृहस्थानं स्वतः रेडिओला फोन लावून खुलासा केला, की विजेचं काम सोडलं तर जवळजवळ सगळं माझ्या हातचं आहे. विचार करा. गाणं चोरल्याचा आरोप एक वेळ चालेल, पण इमारतींच्या खिडक्या दुसऱ्यानं चिकटवल्या म्हणता म्हणजे काय! त्या फोनमागची कळ मला समजते.

आणि वॉल्ट डिस्ने. त्यानं १९५० साली आपल्या घराच्या आवारात खऱ्या वाफेवर चालणारी, माणूस वर बसेल एवढी छोटी गाडी सुरू केली. बायकोच्या फुलांच्या वाफ्यांवरून रूळ जाणार म्हणून घरात कुरकुर झाली, तेव्हा त्यानं वाफ्यांच्या खालून बोगदा काढला, इंजिनाचं नाव बायकोच्या नावावरून 'लिली बेल' ठेवलं, आणि एवढं करूनही रुळाच्या जागेवर आपला हक्क राहील असा चक्क कायदेशीर करारनामा कुटुंबाबरोबर सह्यांनिशी करून घेतला. मी हा किस्सा आमच्या हिला मोठ्या अपेक्षेनं सांगितला. ती म्हणाली, "अहो, त्यांचं आवार होतं. आपली बाल्कनी आहे, आणि तिथे कपडे वाळतात." करारनामा झाला तो तोंडीच झाला: पावसाळ्यात बाल्कनी रेल्वेची नाही. जून ते सप्टेंबर माझी वाहतूक पलंगाखाली असते.

आपल्याकडे मात्र आगगाडीला परवानगी लागते, आणि ती परवानगी देव देतो. गणपतीत बघा. मखराभोवती थर्मोकोलचा डोंगर (आता त्यालाही बंदी आली म्हणून पुठ्ठ्याचा), डोंगरातून बोगदा, बोगद्यातून गाडी. पन्नास वर्षांचे काका वाकून वाकून रूळ जुळवत असतात, आणि येणारे-जाणारे "वा वा, काय देखावा!" म्हणून प्रसाद घेऊन जातात. तीच गाडी, तेच काका. पण विसर्जन झालं, की अकराव्या दिवशी गाडी गुंडाळून ठेवायची. ठेवली नाही तर काकांचं काहीतरी बिघडलंय. दिवाळीतला किल्लासुद्धा तसाच. माती कालवायला, अळीव पेरायला, मावळे मांडायला बाप पुढे असतो, पण किल्ला मुलाचा म्हणायचा. कोथरूडला भाऊसाहेब जोशींनी उभं केलेलं छोट्या गाड्यांचं संग्रहालय आहे, १९९८ सालापासूनचं. तिथे अवश्य जा, पण गाड्यांबरोबर जरा प्रेक्षकही बघा. वडील मुलाला घेऊन आलेले असतात. थोड्या वेळानं मुलगा आईसफ्रूटची चौकशी करू लागतो आणि वडील कठड्यावर ओणवे होऊन "थांब रे, ती एक गाडी अजून यायचीय" म्हणत असतात. मूल हे आपल्याकडे प्रौढ पुरुषाचं प्रवेशपत्र आहे. ज्यांना मूल नाही त्यांनी भाचा उसना आणावा.

जर्मनीत हॅम्बुर्गला दोन जुळ्या भावांनी हा आडपडदा ठेवला नाही. जगातली सगळ्यात मोठी छोटी रेल्वे करायची, असं ठरवलं आणि २००१ साली ती उघडली. १ : ८७ मापाचे तिथले रूळ किलोमीटरनी मोजावे लागतात. मला त्यात नवल कशाचं वाटलं असेल, तर या खेळाला तिथल्या एका बँकेनं कर्ज दिलं याचं! मी आमच्या शाखेत असा अर्ज मनातल्या मनात भरून पाहिला. कर्जाचे प्रयोजन: आगगाडी. तारण: आगगाडी. मी स्वतःच तो नामंजूर केला असता, आणि शेऱ्यात 'अर्जदारास समज द्यावी' असं लिहिलं असतं.

आता मोडनिंबचं सांगितलं पाहिजे, कारण खरा मुद्दा तो आहे.

मामाच्या संचावर वर्षभर गाडी गोल गोल फिरवल्यावर मला वाटलं, आपली गाडी करावी. आता मापाचा हिशेब असा. युरोप-अमेरिकेत रुळांमधलं अंतर १४३५ मिलिमीटर. त्याला ८७ नं भागलं की साडेसोळा मिलिमीटर येतात, म्हणून बाजारात तयार रूळ साडेसोळाचे मिळतात. आपली ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरची. तिला ८७ नं भागलं की सव्वाएकोणीस होतात. म्हणजे आपली डेक्कन क्वीन त्या रुळावर उभी केली, की मोठ्या माणसानं मुलाच्या चपला घातल्यासारखी दिसते. पावणेतीन मिलिमीटरचा फरक. तुम्ही म्हणाल, कोणाला कळतंय? अहो, पावणेतीन रुपयांचा फरक सापडेपर्यंत ज्यांनी मार्चअखेरच्या रात्री घालवल्या, त्यांच्यातला मी. मला कळतं. शिवाय डेक्कन क्वीन करायची तर मुंबई-पुणे १९२ किलोमीटर, ८७ नं भागून सव्वादोन किलोमीटर रूळ. माझा फ्लॅट सहाशे चौरस फुटांचा आहे.

मग लक्षात आलं, की आमची बार्शी लाइट सव्वासात फुटांत... नाही, पण आधी ती गाडी कोणती ते सांगतो, कारण निम्म्या वाचकांनी ती पाहिलेली नसेल. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनियरनं १८९७ साली कुर्डुवाडीहून बार्शीला जाणारी अडीच फुटी रुळांची गाडी सुरू केली. अरुंद रुळावरून भरपूर माल जाऊ शकतो, फक्त कुठल्याही आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार येऊ देऊ नका, हा त्याचा हिशेब. तो बरोबर निघाला. गाडी १९०६ साली पंढरपूरला गेली, १९११ साली लातूरला आणि १९२७ साली मिरजेला. (हाच कॅलथ्रॉप पुढे विमानातून उड्या मारायच्या छत्र्या बनवायला लागला. बार्शी लाइटमधून लोक चालत्या गाडीतून उतरायचे ते पाहून सुचलं असेल, असा माझा तर्क आहे, पुरावा नाही.) १९५४ साली ती सरकारनं घेतली, आणि २००० नंतरच्या दहा-बारा वर्षांत सगळा मार्ग ब्रॉडगेज झाला. झाला ते चांगलंच झालं. आषाढीला डब्यांच्या टपांवर बसून जाणाऱ्या माणसांना छोटी गाडी फार गोड होती असं सांगायला मी जाणार नाही.

पण माझं आजोळ मोडनिंबचं. कुर्डुवाडीला मोठ्या गाडीतून उतरायचं, फलाट बदलायचा आणि या बुटक्या गाडीत बसायचं, की सुट्टी सुरू झाली. ती गाडी गेली. तिचा तयार नमुना जगातल्या कुठल्याही दुकानात मिळत नाही. इंग्लंडातल्या मेलेल्या फाट्यांचे मिळतात, स्वित्झर्लंडच्या दातेरी गाड्यांचे मिळतात, बार्शी लाइटचा मिळत नाही. आणि गंमत पाहा: तिच्या रुळांतलं अंतर ७६२ मिलिमीटर. ८७ नं भागा. पावणेनऊ. बाजारात याहून छोट्या मापाच्या गाड्यांसाठी नऊ मिलिमीटरचे रूळ तयार मिळतात. पाव मिलिमीटरचा फरक! एवढा फरक तर रिझर्व्ह बँकही सोडून देईल. जिला आयुष्यभर कोणी मोठ्या गाडीत धरलं नाही, तीच एक माझ्या टेबलावर मापात बसली.

खालचा गाडा तयार मिळाला, वरचं सगळं हातचं. डबे लग्नपत्रिकांचे आहेत. हल्ली पत्रिका इतक्या जाड छापतात की एकात दुसऱ्या वर्गाचा अख्खा डबा निघतो. फक्त गणपती आतल्या बाजूला जाईल असा कापावा लागतो. माती म्हणजे वाळवलेला चहाचा चोथा. पंढरपूर-कुर्डुवाडी पन्नासेक किलोमीटरचे पावणेसहाशे मीटर होतात, ते परवडत नाहीत, म्हणून एकटं मोडनिंब: सहा फूट फळी, म्हणजे खरी १५९ मीटर जागा. त्यात फलाट, एक बाजूचा रूळ, निंबाचं झाड. गाडी ताशी पंचवीस किलोमीटरनं चालवायची तर टेबलावर सेकंदाला आठ सेंटिमीटर. बघणाऱ्यांना वाटतं, बंद पडली. "जोरात पळव ना बाबा," माझा मुलगा म्हणतो. तो लहान आहे, त्याला क्षमा आहे.

विचारणारे विचारतात, फोटो आहेत ना कुठेतरी? मग हे कशाला? फोटो आहेत. पण फोटोत फलाट गाडीपेक्षा किती बुटका होता ते कळत नाही. आज्जी खाली उभी राहून आमच्या हातात शेंगांची पिशवी द्यायची तेव्हा तिला हात किती वर करावा लागायचा, हे मला मोजून हवं होतं. मोजलं. आज्जी पावणेसतरा मिलिमीटर झाली. हात खांद्याच्या जरा वर.

यात लहान मूल कुठे आलं? ही कामाची गोष्ट आहे. कोणाला जमीन मोजून हवी असते, तशी मला ती सुट्टी मोजून हवी आहे. ती माझ्यानंतर कोणी मोजणार नाही, आणि मुलाला सांगून ती कळणार नाही.

खालच्या मजल्यावर एक निवृत्त गार्ड राहतात, कुर्डुवाडी भागात नोकरी केलेले. सोसायटीत "वरचे क्लार्क गाड्या खेळतात" हे ऐकून ते एकदा आले. कौतुक वगैरे काही केलं नाही. चष्मा पुसून दहा मिनिटं फळीकडे बघितलं आणि म्हणाले, "निंब चुकीच्या बाजूला लावलाय." मी म्हटलं, "काका, मी त्याच्या सावलीत बसलोय." ते म्हणाले, "मी त्याच्याखाली वीस वर्षं झेंडी दाखवलीय." त्यावर आमचं चांगलं पाऊण तास वाजलं. आवाज ऐकून ही बाहेर आली आणि दोन चहा ठेवून गेली. इतक्या महिन्यांत या टेबलाशी झालेलं हे पहिलं प्रौढ संभाषण. ते पुढच्या रविवारी बरोबर जुन्या वेळापत्रकाची वही आणणार आहेत. तोपर्यंत मी निंब उपटून ठेवलाय, दोन्ही बाजूंना भोकं पाडली आहेत.